क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) उजवं की डावं? दर वेळी चुकतंय

फिजिओ_पहिलं_वर्ष
ह्युमरस (दंडाचं हाड) हातात दिलं की लगेच सांगता येतं: डोकं आतल्या बाजूला, कोपराचा खोल खड्डा मागे. क्लॅव्हिकलची बाजू मात्र चुकते. जाड टोक आत, चपटं टोक बाहेर, एवढं कळतं. सेटमधली हाडं झिजलेली आहेत, कोनॉइड ट्यूबर्कल हा छोटा उंचवटा धड दिसत नाही. पुढच्या आठवड्यात व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे.

ॲनाटॉमी_शिकवते
आत-बाहेर, पुढे-मागे, वर-खाली, तिन्ही ठरल्याशिवाय बाजू सांगायचीच नाही. तुमचं टोक बरोबर आहे. पुढचा बाकही बरोबर धरत असाल, तर चुकतंय ते वर-खाली. तिन्हींतली एक गोष्ट उलटी झाली की उजवं हाड डावं ठरतं. दोन उलट्या झाल्या तर उत्तर बरोबर येतं, आणि हे जास्त वाईट, कारण ‘आता वरचा पृष्ठभाग दाखवा’ म्हटलं की तिथे अडकता.

आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर, बाहेरचा एक तृतीयांश पुढून खोलगट. वरची बाजू कातडीलगत असते, म्हणून गुळगुळीत. झिजलेल्या हाडावर खुणा डोळ्यांनी शोधू नका, अंगठा फिरवा. मधल्या तृतीयांशात लांबट खाच लागेल, ती सबक्लेव्हियस स्नायूची. ती बाजू खाली. मग हाड स्वतःच्या गळ्याखाली आडवं धरून बघा. पुस्तकातल्या चित्राशी जुळवू नका. ते वरून काढलंय की खालून, इथेच फसायला होतं.

हाडं_आणि_सांधे
कोनॉइड सोडून देऊ नका. बाहेरच्या भागात, खालच्या बाजूला, मागच्या कडेजवळ असतो. सापडला तर ‘खाली’ आणि ‘मागे’ दोन्ही एकाच खुणेत मिळतं.

व्हायवात फ्रॅक्चर विचारतातच. हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा टेकू हा एकच. पसरलेल्या हातावर पडलं की जोर तळव्यातून दंडात, तिथून खवाट्यात आणि मग क्लॅव्हिकलवर येतो. दोन बाक जिथे मिळतात तिथे ते कमकुवत असतं, तिथेच मोडतं. आतला तुकडा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा मानेचा स्नायू वर ओढतो, बाहेरचा हाताच्या वजनाने खाली येतो. तुकडे कुठे सरकतात हे कारणासकट सांगा.

फिजिओ_पहिलं_वर्ष
खाच अंगठ्याला लागली! अल्नाचं (कोपर ते मनगट, करंगळीच्या बाजूचं हाड) पण असंच काही आहे का?

ॲनाटॉमी_शिकवते
आधी एक गोंधळ काढून टाका: रेडियसचं (अंगठ्याच्या बाजूचं हाड) डोकं वर कोपराशी, अल्नाचं खाली मनगटाशी. अल्नाचं पान्याच्या जबड्यासारखं टोक वर, जबडा पुढे, म्हणजे तुमच्यापासून लांब, असं अंगासमोर धरा. जबड्याच्या एका कुशीला छोटी खाच आहे, तिथे रेडियसचं डोकं फिरतं. ती खाच नेहमी बाहेरच्या बाजूला. उजवीकडे आली तर हाड उजवं.