आठवड्याला दोनशे पानं इंग्रजी वाचायची, काय घेऊ? (बजेट १०० डॉलर)

लातूरची_लेक: नमस्कार मंडळी. ओहायोत समाजशास्त्राचं एमए सुरू केलंय. बीएपर्यंत सगळं मराठीतून. इथं तीन सेमिनार मिळून आठवड्याला दोनशे पानं. मला पानाला दहा मिनिटं लागतात, म्हणजे तेहतीस तास! सगळ्या पीडीएफ, लॅपटॉपवर डोळे चुरचुरतात. ई-रीडर घेऊ का? १०० डॉलरच्या वर एक सेंट नाही.

बोस्टनकर: आयपॅड प्रो घे, पेन्सिलसकट. डोळे झाकून.

खटपट्या: ई-रीडर नको. मी सहा इंची किंडल घेतलं, दोन कॉलमची पीडीएफ उघडली की नुसत्या मुंग्या. आता आई त्यावर कादंबऱ्या वाचते.

स्पष्टवक्ता: राग मानू नका, पण हे मराठी माध्यमाचे भोग.

चिंचगुळ: @स्पष्टवक्ता, आम्ही कॉन्व्हेंटवाले. फूको (तो फ्रेंच विचारवंत) आम्हालाही कळला नाही, फक्त उच्चार बरा होता.

माजी_टीए: माध्यमाचा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. ताई, सगळं ओळीनं वाचताय तिथंच चुकतंय. सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, समारोप आधी बघा, मग ठरवा. शोधनिबंध कसा वाचावा यावर एस. केशव यांचा २००७ चा दोन पानी लेख आहे, तो शोधा. संगणकवाल्यांसाठी आहे, पण पहिली फेरी पाच-दहा मिनिटांत उरकायची ही सवय आपल्यालाही लागू. आणि प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका.

बोस्टनकर: आयपॅडवर शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. माझे सगळे पेपर पिवळे केलेत.

चिंचगुळ: पिवळे केलेत, वाचलेत का?

पुणे५२: आयपॅड +१. शिवाय कॉक्सहेडची शैक्षणिक शब्दांची यादी (२०००) फुकट मिळते, ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं). मी दोन महिन्यांत पाठ केली होती.

लातूरची_लेक: शब्द कळूनही फसते हो. 'आर्ग्युएबली' म्हणजे वादग्रस्त समजून चाललेले. लेखक म्हणत होता, 'असं म्हणायला जागा आहे'. वर्गात मी त्याच्या मताच्या नेमकं उलट बोलले.

माजी_टीए: सगळ्यांचं होतं. त्याहून मोठा खड्डा म्हणजे लेखक आधी दोन पानं विरोधकाचं म्हणणं मांडतो आणि आपण ते त्याचंच समजतो. 'हाउएव्हर' दिसला की थांबायचं, समासात मराठीत एक ओळ लिहायची: कोण बोलतंय?

पुणे५२: हेच म्हणणार होतो.

खटपट्या: काय ठरलं मग? प्रिंट काढत बसू नका, कागद वाया.

लातूरची_लेक: सगळ्यांचे आभार. सीनियरचा जुना लेझर प्रिंटर ४० डॉलरला घेतला. समासात लिहायचं तर कागदच हवा. काल बावीस पानांचा लेख दीड तासात झाला.

खटपट्या: टोनर किती उरलाय ते बघितलं का घेताना?

लातूरची_लेक: नाही...