कास्तकार खरा आकडा सांगत नाही, मोजायचा कसा?

पऱ्हाटी: यवतमाळकडच्या कोरडवाहू गावात पाहणी सुरू आहे. बोंडअळीच्या कामगंध सापळ्याला (वासानं पतंग ओढून पकडणारा सापळा) किती द्याल, असं विचारलं की बहुतेक जण मुद्दाम कमी सांगतात. पुढचा भाव यावरूनच ठरेल असं त्यांना वाटतं. दुसरं, पांदण रस्ता, गोदाम की शेततळं यावर हात वर करून मत घेतलं, तर शेततळंवाले गोदामाकडे वळले. मनातलं कसं काढायचं?

वऱ्हाडी मोजमाप: नुसतं विचारू नका, विका. बेकर, डिग्रूट आणि मार्शाक या अभ्यासकांची १९६४ ची पद्धत घ्या. कास्तकाराचा आकडा लिहून झाला की मगच डब्यातून भावाची चिठ्ठी काढायची, तीही त्याच्याच हातानं. चिठ्ठीचा भाव त्याच्या आकड्याएवढा किंवा कमी निघाला, तर चिठ्ठीच्या भावात सापळा घ्यावाच लागतो. जास्त निघाला तर मिळत नाही. समजा त्याच्या लेखी सापळा ६० रुपयांचा. ४० म्हणाला अन् चिठ्ठी ५० ची निघाली, तर १० चा फायदा गेला. ८० म्हणाला अन् ७० ची निघाली, तर १० चा भुर्दंड. त्याच्या आकड्यानं भाव हलतच नाही, फक्त घ्यायचं की नाही ते ठरतं.

गडबड होते ती बाजाराच्या सवयीनं; माणूस आधी पाडून मागतो. म्हणून आधी बिस्किटाच्या पुड्यावर खऱ्या पैशांनी दोन फेऱ्या करा. चिठ्ठी निघाल्यावर ‘बरं, ५० देतो’ म्हणाला तर भाऊ, अजिबात ऐकू नका. एकदा ऐकलं की पुढचा अख्खा मोहल्ला कमी सांगेल. आकडा कानात घ्या, चारचौघांत नको. अन् पेरणीच्या तोंडावर जाल तर सापळ्याची किंमत नाही, रिकामा खिसा मोजाल.

पऱ्हाटी: हे जमेल. मतदानाचं काय?

चिठ्ठीवाला: पर्याय तीन किंवा जास्त असले, की एकाच्याच मर्जीवर किंवा नशिबावर न चालणाऱ्या कुठल्याही ठरावीक नियमात कधी ना कधी डावपेचाला, म्हणजे मनातलं सोडून दुसरंच मत देण्याला, जागा राहतेच, गिबार्ड (१९७३) आणि सॅटरथ्वेट (१९७५) या अभ्यासकांनी ते सिद्ध केलंय. क्रमानुसार गुण दिले तर लोक तगड्या स्पर्धकाला शेवटी टाकतात. गुप्त चिठ्ठ्या घ्या, त्यातली एकच न बघता उचला, तिच्यावरचं काम करा. मग खोटं लिहून काहीच हाती लागत नाही. मोठ्या कामाला गाव हे मानणार नाही, छोट्या निधीवरच करा.

डावपेच किती चालतो तेच पाहायचं असेल, तर पसंती तुम्हीच वाटा. कार्डावर लिहा: रस्ता आला तर तुम्हाला ५० रुपये, गोदाम ३०, शेततळं १०. दुसऱ्याच्या कार्डावर उलटं. ही अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांची १९७६ मध्ये मांडलेली पद्धत. मत टाकल्यावर, निकालाआधी ‘कोण जिंकेल?’ हेही विचारा. नाहीतर कोण चुकला अन् कोणी डाव टाकला, ते वेगळं काढता येत नाही.