वादस्पर्धेचा विषय: राष्ट्रीय संस्कृतीत धर्माचं स्थान. विषय कसा मांडावा?

खानापूर_शिक्षक:
नमस्कार. मराठी माध्यमाच्या हायस्कुलांची वादस्पर्धा घ्यायची आहे, नववी-दहावीसाठी. प्रत्येक बाजूला दोन वक्ते, प्रत्येकी चार मिनिटं. वर्गात हिंदू, मुस्लिम, जैन, ख्रिश्चन सगळीच मुलं आहेत. दोन शंका आहेत. सरकारी शाळेत हा विषय चालतो का? आणि भांडण न होता वाद व्हावा, यासाठी तो कसा मांडावा?

वडगाव_वकील:
सर, चालतो. कलम २८(१) ने पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. धर्माविषयी अभ्यास किंवा चर्चा करायला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात हाच फरक केला. अनुदानित शाळा असेल तर २८(३) बघा: धार्मिक शिक्षणाची किंवा प्रार्थनेची सक्ती नको, मूल अज्ञान (अल्पवयीन) असेल तर पालकाची संमती हवी. म्हणून स्पर्धेआधी कुठल्याही धर्माची प्रार्थना ठेवू नका. राज्यघटनेची उद्देशिका वाचून सुरुवात करा.

मुलांना सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल नक्की द्या. पहिला १९८६ चा बिजो इमॅन्युएल. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. शाळेने काढलं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. राष्ट्र आणि धर्म समोरासमोर येतात तेव्हा काय होतं, हे नववीच्या पोरालाही यातून लगेच कळतं. दुसरा १९९४ चा बोम्मई. हे आपल्याच कर्नाटकाचे मुख्यमंत्री, १९८९ मध्ये सरकार बरखास्त झालं. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूळ गाभ्यात धरली. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला, हे दोन्ही बाजू वापरतील. परीक्षकांना आधीच सांगून ठेवा.

निपाणी_वाचक:
'स्थान असावं की नसावं' असा विषय दिलात की संपलं. एक बाजू आपोआप धर्मविरोधी ठरते आणि त्या बाजूची मुलं घरी बोलणी खातात. त्यापेक्षा असा ठेवा: 'राष्ट्रीय संस्कृतीत धर्माचा वारसा जपावा, पण धर्माची प्रथा कायद्याने बदलता यावी.' बाजू चिठ्ठी टाकून ठरवा, मुलाच्या आडनावावरून नको.

उदाहरण हाताशीच आहे, सौंदत्तीची यल्लम्मा. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर, सांगलीकडूनही भाविक येतात, भाषेची अडचण कुणाला पडत नाही. हा झाला वारसा. पण मुलींना देवदासी म्हणून देवीला सोडण्याची प्रथाही त्याच श्रद्धेशी जोडलेली. मुंबई इलाख्यात १९३४ चा कायदा, पुढे कर्नाटकाचा १९८२ चा. कलम २५(२) राज्याला सामाजिक सुधारणेचा अधिकार देतं, तो इथे दिसतो. या एकाच उदाहरणावर दोन्ही बाजू सहज चार मिनिटं बोलू शकतात.

टिळकवाडी_नागरिक:
वरच्यांशी सहमत, फक्त एक इशारा. 'आमच्याकडे सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदतात' हे वाक्य प्रत्येक मूल म्हणणार, आणि ते पोकळ असतं. नियम करा: दावा केला की जागा किंवा साल हवंच. बेळगावच्या किल्ल्यातच बघा. १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. तिथून थोड्या अंतरावर साफा मशीद. किंवा पुरंदरदासांची कन्नड पदं 'पुरंदर विठ्ठल' या नाममुद्रेने संपतात, आणि तो विठ्ठल पंढरपूरचा, म्हणजे आपल्या वारकऱ्यांचाही. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ मुस्लिम, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. अशा दाव्यावर गुण द्यायला सोपं जातं.

दुसरा धोका, सीमाप्रश्न मध्येच येतो. धर्मावरून भाषेवर घसरणारा मुद्दा विषयाबाहेर धरा, पहिल्या वेळी घंटा, दुसऱ्या वेळी दोन गुण कमी. गुणांची विभागणी मी अशी करेन: पुरावा १०, प्रतिवाद १०, भाषा ५. सादरीकरणाला वेगळे गुण नकोत. नाहीतर नाटकी आवाज जिंकतो.

खानापूर_शिक्षक:
आभारी आहे. निपाणीकरांचा विषय घेतो, फक्त 'कायद्याने' हा शब्द पुढे आणून. न्यायालयाचे ते निकाल दोन पानांत लिहून आधी सगळ्या शाळांना पाठवायचे की स्पर्धेच्या दिवशी द्यायचे?

वडगाव_वकील:
आठवडाभर आधी. त्या दिवशी दिलेत तर मुलं वाचून दाखवतील, वाद होणारच नाही. आणि कलमं घटनेतली जशीच्या तशी द्या, गाईडमधला सारांश नको. २८ चं पोटकलम १ आणि ३ त्यात नेहमी एकत्र कालवलेलं असतं.