बाथरूमचं काम: सगळं करणारा एकच माणूस की प्रत्येक कामाला वेगळा?

कोथरूडकर८२:
आमची बिल्डिंग ९५ सालची, दोन्ही बाथरूम फोडून नवीन करायचीयेत. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप गंजलेत, खालच्यांच्या छताला ओल आलीये त्यामुळे आता टाळून चालणार नाही. एक जण आहे, तो म्हणतो प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाईल्स, गीझरची वायरिंग सगळं मीच करतो, सोबत एक बिगारी. वेगवेगळी माणसं लावण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतंय. आमच्याकडे नळ, कडीकोयंडे, पंखे ही कामं त्याने छान केलीत, माणूस सरळ आहे. पण घरात आईचं वय झालंय, पुन्हा फोडाफोड नकोय. कोणाचा अनुभव?

अस्मिता_ठाणे:
आमच्याकडे एकानेच केलं होतं. दिसायला झकास, पण काही महिन्यांत खालून तक्रार आली. फोडल्यावर कळलं की वॉटरप्रूफिंगचा कोट मारून झाल्यावर त्याला नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) वर आल्याचं दिसलं, मग छिन्नीने कडेने ठोकून ट्रॅप खाली घेतला, सिमेंट भरलं आणि वरून टाईल लावली. कोट तिथेच फुटला होता. वॉटरप्रूफिंगवाला वेगळा असता तर त्याने दुसऱ्याला तिथे छिन्नी लावूच दिली नसती.

साईटवरचा_इंजिनियर:
मी एवढंच बघतो की काम झाकलं जाणार आहे की उघडं राहणार आहे. टॉवेल रॉड, आरसा, नळ बदलणं, दाराला प्लायचा तुकडा, हे तुमच्या माणसाला खुशाल द्या, उलट असा माणूस हाताशी असणं मोठी सोय आहे, छोट्या कामाला स्पेशालिस्ट येतच नाहीत. पण टाईलच्या खाली जे जाणार ते त्यातल्याच माणसाकडून करून घ्या. आधी सीपीव्हीसीची (गरम पाणी चालणाऱ्या प्लास्टिक पाईपची) लाईन, ती हातपंपाने प्रेशर देऊन तपासायची, प्रेशरचा काटा उतरला तर कुठेतरी जॉइंट गळतोय. मग वॉटरप्रूफिंग, मग ट्रॅपचं तोंड बंद करून किमान ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांकडे जाऊन छत बघायचं. त्यानंतरच टाईल. टाईलवाला चारी कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे टाकून टाईल दाबत असेल तर तिथेच थांबवा, खाली पोकळी राहते, नाण्याने वाजवली की लगेच कळतं. आणि चांगला प्लंबर मिक्सरचे पॉइंट काढायच्या आधी टाईलची जाडी विचारतो. न विचारता भिंत फोडायला घेतली तर समजून जा.

वायरमन_नाशिक:
वायरिंग त्याला अजिबात देऊ नका. ३ किलोवॅटचा गीझर साधारण १३ अँपिअर ओढतो, आणि बरेच ऑलराऊंडर जवळच्या लाईट पॉइंटवरून दीड चौरस मिमीची वायर ओढून मोकळे होतात. बोर्डापासून चार चौरस मिमीची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग तपासलेलं, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवंच, ओल्या अंगाने हात लागतो तिथे. आयटीआयला वायरमनचा कोर्स २ वर्षांचा असतो तो उगीच नाही. लायसन्स बघूनच माणूस बोलवा.

कराडचा_पाटील:
दुसरी बाजू पण सांगतो. आमच्याकडे घरं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली झालीत, उत्तम आहेत, पण तो मुळात गवंडी, बाकीच्या कामाला ओळखीची माणसं आणतो आणि स्वतः उभा राहून करून घेतो. तुम्ही शहरात चार जण लावले आणि वर कोणी नसलं की प्लंबर म्हणतो टाईलवाल्याने पाईप फोडला, टाईलवाला म्हणतो जॉइंटच कच्चा होता, आणि भरपाई कोण देणार तर कोणीच नाही. तेव्हा एकजण जबाबदार हवा, मग हात कितीही असू देत.

कोथरूडकर८२:
सगळ्यांचे आभार. इंजिनियरसाहेब, खालचे काका गावाला गेलेत, पाणी भरायची टेस्ट ते आल्यावरच करावी लागेल. तोवर कोट मारून तसाच उघडा ठेवला तर चालेल का, की त्यावर प्लास्टरचा थर देऊन ठेवायचा? आणि वायरमनला भिंत फोडतानाच बोलवू ना, टाईल लागायच्या आधी?

साईटवरचा_इंजिनियर:
वायरमन पहिल्याच दिवशी, प्लंबरबरोबर. कोट उघडा ठेवू नका, त्यावरून माणसं वावरली, घमेली आपटली की फाटतो. काका यायच्या हिशोबानेच वॉटरप्रूफिंग सुरू करा, तोपर्यंत पाईपची लाईन आणि प्रेशर टेस्ट उरकून घ्या.