मदत हवी आहे: जुनी अमेरिकन नोट खरी की नकली? अर्जंट

रसिका_एनजे: नमस्कार, इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तसा सेल) अर्ध्या डॉलरची जुनी नोट आहे, विकणाऱ्या काकू म्हणतात उद्या दुपारपर्यंत सांगा नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे, मला फक्त एवढंच सांगा की घेऊ का नको?

फिलीकर: साल कुठलं? किंमत? सिव्हिल वॉरच्या वेळी पण पन्नास सेंटच्या नोटा निघाल्या होत्या. फोटो टाका.

रसिका_एनजे: फोटो अपलोडच होत नाहीये. १७ फेब्रुवारी १७७६ लिहिलंय, पुढे सूर्यघड्याळ, मागे गोल कड्या. १५० डॉलर सांगतायत.

फिलीकर: मग काँटिनेंटल आहे, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने काढलेली कागदी नोट. तेरा कड्या म्हणजे तेरा वसाहती, डिझाइन बेंजामिन फ्रँकलिनचं मानतात, छपाई फिलाडेल्फियाच्या हॉल अँड सेलर्सची. नोट उजेडात तिरकी धरा, खऱ्या कागदात अभ्रकाचे कण चमकतात. कागद चिंध्यांचा, मऊ असतो. हातात पापडासारखा कडकडत असेल तर टुरिस्ट लोकांसाठी छापलेली कॉपी समजा.

रघू_पुणे: एवढं कशाला, पीएमजीला (नोटा तपासणारी कंपनी) पाठवून ग्रेडिंग, म्हणजे खरेपणा आणि दर्जाची तपासणी, करून घ्या, मी माझ्या सगळ्या नोटा तिथेच पाठवतो.

फिलीकर: रघूदादा, उद्या दुपारी उत्तर द्यायचंय, ग्रेडिंगला आठवडे लागतात.

सदूभाऊ: नकली निघाली तरी घ्या!! त्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी न्यूयॉर्कमधून बनावट नोटा पसरवल्या, १७७७ मध्ये तिथल्या पेपरात जाहिरात होती, कागदाच्या किमतीत हव्या तेवढ्या घेऊन जा म्हणून. त्या पण लोक जमवतात.

फिलीकर: भाऊ, तेव्हाची बनावट वेगळी आणि गिफ्ट शॉपची वेगळी. अमेरिकन काँग्रेसने त्या बनावटीपायी मे १७७७ आणि एप्रिल १७७८ च्या नोटा परत मागवल्या, ही त्यातली नाही. ताईंना उगाच गोंधळात पाडू नका.

मृणाल७८: कॉपी असेल तर त्यावर 'कॉपी' छापलेलं असतंच ना? कायदा आहे.

फिलीकर: कायदा १९७३ चा. त्याआधीच्या ढिगाने कॉप्यांवर काहीच नाही.

गणेश_डोंबिवली: ही बँकेत बदलून मिळेल का?

सदूभाऊ: १७९० च्या कायद्यात शंभर काँटिनेंटलला एक डॉलर धरला होता, तोही सरकारी रोख्यांत. आता कोण देणार.

गणेश_डोंबिवली: माझ्याकडे जॉर्ज सहाव्याची दहाची नोट आहे, तिचं किती येईल?

मृणाल७८: त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

रसिका_एनजे: आत्ता बघून आले. कागद मऊ आहे, कण चमकतात. पण नंबर छापलेला वाटतोय, त्यामुळे धीर होत नाही.

फिलीकर: नंबर आणि सही दोन्ही हाताने, शाईने लिहिलेली असायला हवीत. उद्या भिंग घेऊन जा. शाई कागदात मुरलेली दिसली, कुठे जाड कुठे बारीक, तर घ्या. छपाईचे ठिपके दिसले तर काकूंना नाही म्हणा, दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाऊ दे.


रघू_पुणे: आणि घेतलीत तर नंतर पीएमजीला पाठवाच.