अनुभव धागा : देव मानायचा म्हणजे नक्की काय मानायचं?

ओसरी
गणपतीआधी देवघरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायला काढली की हा जुना प्रश्न पुन्हा वर येतो. आस्तिक म्हणजे देव मानणारा, असं आपण सरसकट म्हणतो. पण पाणिनीच्या 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०) या सूत्रावर काशिकावृत्ती ही जुनी टीका सांगते की परलोक आहे असं ज्याला वाटतं तो आस्तिक. मनुस्मृतीत (२.११) वेदनिंदक तो नास्तिक. दोन्हीकडे ईश्वराचा उल्लेखच नाही! पूजा किंवा दर्शनं (सांख्य, योग, न्याय, मीमांसा ही तत्त्वज्ञानं) यांच्याशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे त्यांनी लिहा. मानण्याचा अर्थ तुमच्याकडे काय, आणि लोक कुठे चुकतात?

पंचविसावा
सांख्य दर्शनाची २५ तत्त्वं मोजा, त्यात ईश्वर नाही. तरी दर्शन आस्तिकच. पतंजलीच्या योगसूत्रांत ईश्वर आहे (१.२४), पण 'पुरुषविशेष' : क्लेश, कर्म, कर्माचं फळ, त्याचे संस्कार यांतलं काहीही न चिकटलेला. जग घडवणं हे त्याचं काम म्हणून सांगितलेलं नाही. देव म्हणजे निर्माता असं धरून पतंजली वाचायला घेतला की गाडी तिथेच अडते. निर्माता हवा तर न्यायदर्शनाकडे जा, तिथल्या उदयनाचार्यांकडे. मडकं आहे तर कुंभार हवा, तसं जगालाही कर्ता हवा.

नमम
मीमांसा राहिली ना, वेदांतल्या यज्ञकर्माचा विचार करणारं दर्शन! तिथे देव चतुर्थी विभक्तीत असतो. इंद्राय स्वाहा, म्हणजे इंद्रासाठी. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी देवतेला शरीर आहे, ती येऊन खाते हे मानत नाहीत. ज्याला उद्देशून द्रव्य सोडायचं ती देवता. म्हणून 'स्वाहा'वर आहुती पडली की 'इदं न मम' (हे माझं नाही) असं यजमानाने म्हणायचं. हल्ली तेही गुरुजींवर सोडतात. त्याग ज्याचा, शब्द त्याचेच हवेत.

दूर्वांकुर
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. पार्थिव गणपतीत याचं उत्तर हाताला लागतं. प्राणप्रतिष्ठेआधी ती फक्त माती. मूर्तीच्या हृदयाला उजवा हात लावून 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु', मग पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा ॐ, आणि दूर्वेने डोळ्यांना तूप. तूप अगदी टेकवायचं, ओघळलं तर डोळ्यांचा रंग पसरतो. पुढे सोळा उपचार, पुरुषसूक्ताच्या एकेका ऋचेवर एकेक. स्नान फुलाने शिंपडून, धार नाही. शाडू ओला झाला की आधी सोंड आणि बोटं सुटतात, तिथे माती सगळ्यात बारीक. शेवटी उत्तरपूजा, 'यान्तु देवगणाः' म्हणत अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. झालं विसर्जन. पाण्यात जाते ती पुन्हा मातीच. पाहुण्याला बोलवावं, निरोप द्यावा, इतकं सरळ मानणं आहे हे.

मोगरा_७
निरोपाचं वाचून भरून आलं गं. हलवलेल्या मूर्तीकडे बघवत नाही.

कोकणकडा
मग देवघरातल्या नेहमीच्या देवांचं रोज आवाहन-विसर्जन?

दूर्वांकुर
नाही. प्रतिष्ठा झालेली मूर्ती असेल तर देव तिथेच आहे. गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण (शिवलिंग म्हणून पुजतात तो गोटा) यांना तर प्रतिष्ठाही लागत नाही. सुपारीवर गणपती मांडला तर मात्र आवाहनही आणि विसर्जनही. ते राहून जातं, आणि मग ती सुपारी कुठे ठेवायची यावर घराघरात गोंधळ.

कोकणकडा
आमच्या सोसायटीत प्लास्टरच्या मूर्ती आहेत. त्या विरघळतच नाहीत हो.

रसायनवाला
प्लास्टर म्हणजे घट्ट झालेलं जिप्सम, साध्या पाण्यात नुसतं बसून राहतं. त्याला अमोनियम बायकार्बोनेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत दिली. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. खायचा सोडा वेगळा, तो आणू नका. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, बादली गच्चीत ठेवा. हार, कापड, दागिने आधी काढा.

मोगरा_७
ते पाणी कुंडीला चालेल का? तुळशीला नको वाटतं.

रसायनवाला
खूप पाणी मिसळून जास्वंदीला घाला. तुळशीचं राहू दे, मनाला नको वाटतं तर नकोच.