अपव्होट म्हणजे ‘पटलं’ की ‘कामाला आलं’?

निफाडचा_बागवाला:
मंडळी, मध्ये इथं एकानं द्राक्षावरच्या डावणीचं (बुरशीचा रोग) विचारलं होतं. बाग फुलोऱ्यात, रात्रभर पाऊस, सकाळी पान उलटं केलं तर पांढरी बुरशी. सगळ्यात वरचा रिप्लाय काय, तर ‘बाग काढा, जमीन एनए (बिगरशेती) करा न् प्लॉट पाडा’, त्याला ढीगभर अपव्होट (वरचा बाण). आणि दिंडोरीच्या एका दादांनी व्यवस्थित लिहिलेलं, दाटी झालीय त्या फुटी काढून हवा खेळती करा, पान ओलं असेल तर धुरळणी करा, दरवेळी एकच बुरशीनाशक मारू नका, ते पार तळाला. का? तर शेवटी त्यांनी ‘नुसत्या शेण-गोमूत्राच्या स्लरीनं डावणी जात नाही’ असं लिहिलं म्हणून स्लरीवाले चिडून डाऊनव्होट मारून गेले. म्हणजे अपव्होट नक्की कशाला द्यायचा हेच मला कळेना झालंय.

कॉलेजरोड_कोडर:
आमच्या लाईनीत स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची साईट आहे ना, तिथं बाणावर माऊस नेला की लिहून येतं, उत्तर उपयोगी आहे. पटलं, आवडलं असलं काही नाही. अपव्होट मिळाला की उत्तर देणाऱ्याला १० पॉइंट, डाऊनव्होट पडला तर २ जातात, आणि उत्तराला डाऊनव्होट देणाऱ्याचाही १ कापतात, त्यामुळं माणूस रागाच्या भरात मारत सुटत नाही. रेडिटच्या शिष्टाचारातपण लिहिलंय की पटलं नाही म्हणून डाऊनव्होट देऊ नका, पण तिथं खिशातून काहीच जात नाही मग कोण ऐकतंय.

पिंपळगावकर:
पॉइंट कापा नाहीतर काही करा, मत देणाऱ्याला त्यातलं कळतं का हे कोण बघणार? २०१० आठवतंय का कोणाला? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबवायला सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, सर्रास मारायचे, शेजारी मारतोय म्हणून आपण मारायचं. मग युरोपात तपासणीत क्लोरमेक्वाटचा अंश निघाला आणि आपले द्राक्षाचे कंटेनर अडकले. तेव्हा हे बटण असतं तर ‘सीसीसी मारा’ लिहिणाराच एक नंबरला असता भाऊ. मतं जास्त म्हणजे खरं, असं शेतीत तरी धरू नका.

प्लॉट_पाडा:
तो जोक माझाच 😄 आता लोकांना हसू आलं तर त्यांनी काय करायचं? रोज पाऊस, रोज फवारणी, डिझेलचा खर्च, त्यात जरा हसले बिचारे.

कॉलेजरोड_कोडर:
हसू दे की, पण वेगळं मोजा. स्लॅशडॉट नावाच्या साईटवर मत देतानाच लेबल लावायचं असतं, मजेशीर, माहितीपूर्ण, असं. लेसराँग या चर्चेच्या साईटवर कमेंटला दोन वेगळी मतं देता येतात, एक लिखाण चांगलं आहे का आणि दुसरं मला पटतंय का. स्लरीवाल्यांना ‘पटत नाही’ दाबू द्या, पण उत्तर तळाला जायला नको. अजून एक, २०१३ ला ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, काही कमेंटला पोस्ट झाल्या झाल्या मुद्दाम एक खोटा अपव्होट दिला, तर त्यांचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाला. एका मतानं! म्हणजे पुढचे लोक वाचून नाही, आकडा बघून दाबतात.

सातपूरची_ताई:
दोन बटणं दिली तरी ज्याला राग आलाय तो दोन्ही दाबणार, लिहून घ्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा हिशोब विचारला तरी अंगठा कोणाला द्यायचा हे माणूस बघून ठरतं.

निफाडचा_बागवाला:
ताई बरोबर आहे तुमचं, पण मग निदान पहिला दिवसभर आकडा लपवता येतो का ॲडमिन? आणि दिंडोरीच्या दादांचं उत्तर तेवढं वर पिन करा, मतं कितीही असूद्या. गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबरची छाटणी) झालेले बरेच जण आहेत इथं आणि परत ढग आलेत.

प्लॉट_पाडा:
पिन करा, माझा अपव्होट दिला त्याला. पण स्लरीवाल्या काकांना तुम्हीच सांगा बाबा, मी नाही सांगणार.